जेनकिन्स फुकट आहे, मग महिन्याचा खर्च नेमका कशावर होतो? (रत्नागिरी, ५ जणांची टीम)

मिऱ्या_बंदर (प्रश्न)

रत्नागिरीत पाच डेव्हलपरची टीम आहे. रेपो (कोडचे साठे) तीन: आंबा बागायतदार आणि व्यापाऱ्यांसाठी पेटी-नोंदणीचं वेब अ‍ॅप (नोड, पोस्टग्रेस), होमस्टे बुकिंगचं बॅकएंड आणि एक अँड्रॉइड अ‍ॅप. कोड गिटहबवर, खासगी रेपोत, फ्री प्लॅनवर. आत्तापर्यंत डिप्लॉय हाताने चालतं: सर्व्हरवर लॉगिन, गिट पुल, सर्व्हिस रीस्टार्ट. मार्च ते मे हापूसच्या हंगामात दिवसाला दोन-तीनदा बदल वर चढवावे लागतात. घाईत कोणीतरी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चालवायला विसरतं आणि व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात. म्हणून बिल्ड (कोडपासून चालणारं अ‍ॅप तयार करणं), टेस्ट आणि डिप्लॉय आपोआप व्हायला हवं आहे; जेनकिन्स हे त्यासाठीचंच ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

आकडे असे: दिवसाला साधारण २५ बिल्ड, लॅपटॉपवर मोजलं तर सरासरी ९ मिनिटांचं एक, महिन्याला २२ दिवस.

पर्याय तीन दिसतात. ऑफिसात पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर (चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क) जेनकिन्स. क्लाउडवर मशीन घेऊन त्यावर जेनकिन्स किंवा गिटलॅब (कोड ठेवणारं आणि बिल्डही करणारं सॉफ्टवेअर). नाहीतर गिटहब अ‍ॅक्शन्सची (गिटहबच्या मशीनवर हीच कामं करणारी सेवा) मिनिटं विकत. मालकांचं म्हणणं, ओपन सोर्स आहे तर खर्च शून्यच धरा. मला त्यांच्यासमोर खरा आकडा ठेवायचा आहे. ऑफिसात महावितरणचं व्यापारी कनेक्शन आहे, फायबर ब्रॉडबँड आहे (स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, नाही) आणि ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

---

वाशिष्ठीकाठ

मालकांना एकच आकडा सांगू नका, चार सांगा: मिनिटं किंवा मशीन, वीज, स्टोरेज आणि माणसाचे तास. लायसन्सची रक्कम शून्य आहे हे खरं, पण ती मुळात या हिशेबातली सगळ्यात लहान ओळ होती.

आधी मिनिटांचा हिशेब, कारण तो सोपा आहे. २५ × ९ × २२ = ४९५० मिनिटं. फ्री प्लॅनमध्ये खासगी रेपोला महिन्याला २००० मिनिटं मिळतात. उरली २९५०. लिनक्सच्या दोन कोअर मशीनचा दर मिनिटाला ०.००८ डॉलर होता, जानेवारी २०२६ पासून तो उतरवला आहे. जुन्याच दराने धरलं तरी साडेतेवीस डॉलर होतात, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास.

आता यात दोन खाचा आहेत. पहिली, तुमची ९ मिनिटं लॅपटॉपवरची आहेत. दोन कोअरच्या मशीनवर अँड्रॉइडचं बिल्ड हमखास त्याहून जास्त वेळ घेतं, तेव्हा आठवडाभर खरं चालवून बघा. दुसरी, प्रत्येक जॉब (बिल्डमधलं एक स्वतंत्र काम) पुढच्या पूर्ण मिनिटात मोजला जातो. लिंट, फॉरमॅट, टाइपचेक अशा कोडच्या तपासण्यांचे वीस-वीस सेकंदांचे सहा जॉब वेगळे ठेवले तर काम दोन मिनिटांचं होतं आणि मीटर सहा मिनिटं पळतो. ते एकाच जॉबमध्ये पायऱ्या म्हणून लिहा.

मिनिटं वाचवायचे आणखी तीन उपाय, तिन्ही फुकट:

एक, कन्करन्सी ग्रुप लावून 'कॅन्सल इन प्रोग्रेस' चालू करा. त्याच शाखेवर नवा पुश आला की जुनं बिल्ड मरतं. डिप्लॉयच्या जॉबला मात्र हे लावू नका, अर्धवट मायग्रेशनवर तुटलं तर निस्तरायला रात्र जाईल.

दोन, फक्त रीडमी किंवा डॉक्स बदलले तर बिल्ड नको, म्हणून पाथ्स-इग्नोअर.

तीन, प्रत्येक जॉबला टाइमआउट. डिफॉल्ट ३६० मिनिटं आहे. एखादी टेस्ट डेटाबेसची वाट बघत अडकली तर सहा तास जातात, आणि असे सहा जॉब अडकले की महिन्याची २००० मिनिटं खलास. २० मिनिटांची मर्यादा टाका.

स्टोरेजकडे सहसा कोणी बघत नाही. ४० एमबीची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल), दिवसाला ८ वेळा, म्हणजे रोज ३२० एमबी. आर्टिफॅक्ट (बिल्डमधून निघालेल्या फायली) डिफॉल्टने ९० दिवस राहतात. महिनाअखेर ७ जीबी साचतात आणि फ्री प्लॅनमध्ये जागा ५०० एमबीची. रिटेन्शन (ठेवायची मुदत) १ दिवसावर आणा; पंधरा-पंधरा दिवसांच्या एपीके कोणी मागत नाही. रिलीझची एपीके तेवढी वेगळी ठेवा.

आणि माणसाचे तास. समजा एका डेव्हलपरचा कंपनीला सगळं धरून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. १७६ तासांनी भागलं की तासाला ३४० रुपये. जेनकिन्स नीट सांभाळायचं तर महिन्याला सहा तास कमीत कमी धरा. एलटीएसची (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते: बॅकअप, प्लगिनची सुसंगती, रीस्टार्ट, दोन-तीन बिल्ड चालवून खात्री. शिवाय प्लगिनच्या सुरक्षा-सूचना, भरलेली डिस्क, अडकलेला एजंट (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम). सहा तास म्हणजे २०४० रुपये. म्हणजे 'फुकट' जेनकिन्सची नुसती देखभाल तुमच्या विकतच्या मिनिटांएवढी होते. वीज आणि मशीन यात अजून आलेलंच नाही. मालकांना हीच एक ओळ दाखवा.

पैसे भरायचेच झाले तर कार्डाची एक अडचण आधीच बघून ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे परदेशी कंपनीचं दरमहा आपोआप कापलं जाणारं पेमेंट बऱ्याच कार्डांवर नाकारलं जातं. पेमेंट अडकलं की बिल्ड थांबतात, आणि ते नेमकं एप्रिलमध्ये होऊ नये. परदेशातून घेतलेल्या सेवेवरचा जीएसटी कसा दाखवायचा तेही सीएला आधी विचारा.

---

देवगड_पाइपलाइन

मी ऑफिसातल्या मशीनबद्दल लिहितो, कारण कोकणात खरा खर्च तिथे लपतो.

वीज. तो डेस्कटॉप मॉनिटरशिवाय सरासरी ६० वॅट खाईल. चोवीस तास, तीस दिवस: ४३ युनिट. दर काढताना बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असं करू नका. स्थिर आकार मशीन असो वा नसो तेवढाच येतो. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क यांचीच बेरीज युनिटांनी भागा. सोयीसाठी १२ रुपये धरले तर महिन्याला ५१८ रुपये. १२ वॅटवर बसून राहणारा मिनी पीसी असेल तर साडेआठ युनिट, १०४ रुपये. वर्षाला पाच हजारांचा फरक पडतो. मिनी पीसी घ्यायचा की नाही ते यावर ठरवा.

पण मुळात चोवीस तास चालू कशाला ठेवायचं? पाच जण दिवसा काम करतात. बायोसमध्ये सकाळी ९ ला आपोआप चालू होण्याचा अलार्म असतो, संध्याकाळी ७ ला बंद करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीची) एक ओळ लिहा. दहा तास × २६ दिवस × ६० वॅट म्हणजे साडेपंधरा युनिट, १८७ रुपये. तोच जुना डेस्कटॉप मग परवडतो.

यूपीएस. ६०० व्हीए ऐकायला मोठा वाटतो, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते: ८४ वॅट-तास. इतक्या जोरात उपसली की निम्मीच हाती लागते. ६० वॅटला अर्धा तास मिळाला तर चांगलं, बिल्ड चालू असताना वीस मिनिटं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वादळी पावसात फांदी पडली की वीज अर्ध्या तासात येत नाही, हे सांगायला नको. तेव्हा यूपीएसकडे 'काम चालू ठेवायचं साधन' म्हणून बघू नका, 'मशीन व्यवस्थित बंद करायला मिळालेली मुदत' म्हणून बघा. तारा ओढून बंद पडलेल्या मशीनवर अर्धवट लिहिलेल्या फायली राहतात आणि दुसऱ्या दिवशी जेनकिन्स बिल्डचा इतिहासच वाचू शकत नाही.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर नट (नेटवर्क यूपीएस टूल्स) टाका, बॅटरी ४० टक्क्यांवर आली की शटडाउन. दमट हवेत आणि वरचेवरच्या खंडिततेत ही बॅटरी दोन-अडीच वर्षांत थकते, तो खर्चही महिन्यांत वाटून धरा.

जागा. तळमजला आणि खिडकीजवळची बाजू टाळा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. समुद्रापासून जवळ असाल तर खारी हवा रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर काम करते. पावसाळ्यात मशीन अचानक चालू होईनासं झालं तर मदरबोर्ड गेला असं ठरवण्याआधी रॅम काढून पट्ट्या साध्या खोडरबराने पुसून परत बसवा.

आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मशीन शाबूत असलं तरी त्याच्यापर्यंत पोचता येत नसेल तर त्यावरचा बॅकअप नसल्यातच जमा.

---

मिऱ्या_बंदर

दोघांचेही आभार, तासांचा हिशेब डोळे उघडणारा आहे. दोन गोष्टी विचारतो.

१. यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही. नवीन घ्यावा लागेल का?

२. काल जेनकिन्स नुसतं चालवून पाहिलं. गिटहबचा वेबहूक (नवा कोड आल्याची सूचना) ऑफिसच्या मशीनपर्यंत पोचतच नाही. राउटरवर ८०८० पोर्ट उघडलं तरी नाही. स्टॅटिक आयपीचे पैसे भरावे लागतील का?

---

देवगड_पाइपलाइन

१ चं उत्तर: नको. एखादा जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा आणि लॅन केबलने मुख्य राउटरला जोडा. मुख्य राउटर आणि मशीन दोन्ही यूपीएसवर. मशीनवर एक लहान स्क्रिप्ट दर ३० सेकंदांनी त्या जुन्या राउटरला पिंग करते. लागोपाठ सहा वेळा उत्तर आलं नाही म्हणजे तीन मिनिटं वीज नाही, शटडाउन. तीन मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर वीज डोळा मिचकावून आली तरी मशीन बंद होईल.

यात एक गोम आहे. मशीन बंद झालं, पण यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज परत आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती. मग बायोसमधला 'वीज आल्यावर चालू हो' हा पर्याय काहीच करत नाही आणि ते तसंच बंद राहतं. म्हणून शटडाउनच्या आधी स्क्रिप्टमध्ये आरटीसी-वेक लावा: ३० मिनिटांनी जागं हो. तेव्हाही वीज नसेल तर स्क्रिप्ट पुन्हा तीन मिनिटांत झोपवेल. मोठी खंडितता असेल तर या उठण्या-बसण्यात बॅटरी पूर्ण रिकामी होते. मग वीज आल्यावर बायोसचा पर्याय कामी येतो. दोन्ही लावलेले हवेत.

---

कुडाळ_टर्मिनल

२ चं उत्तर: पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक बसवले आहेत (सीजीनॅट). राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर खात्रीच. बाहेरून आत यायला वाटच नाही.

स्टॅटिक आयपीचे पैसे भरू नका, आणि जेनकिन्सचं ८०८० उघड्या इंटरनेटवर तर मुळीच ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या कमांड-लाइन भागात असं छिद्र सापडलं की लॉगिन नसतानाही सर्व्हरवरच्या फायलींच्या सुरुवातीच्या ओळी वाचता येत होत्या, आणि काही परवानग्या असल्या की अख्ख्या फायली (सीव्हीई-२०२४-२३८९७, एलटीएस २.४२६.३ मध्ये दुरुस्त). उघडं मशीन असेल तर अशा दिवशी हातातलं काम टाकून अपग्रेड करावं लागतं.

तुमच्या आकड्यांना जेनकिन्स लागतच नाही असं माझं मत. रचना अशी करा: नियंत्रण गिटहब अ‍ॅक्शन्सकडे राहू द्या आणि त्यांचा ओपन सोर्स रनर (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) तुमच्या डेस्कटॉपवर बसवा. रनर स्वतःच ४४३ पोर्टवरून बाहेर जोडणी करतो आणि काम मागतो. आत येणारी वाट लागत नाही, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही, स्टॅटिक आयपी नको, वेबहूक नको. वर्कफ्लोचा (ठरवलेल्या बिल्ड-पायऱ्यांचा) इतिहास, लॉग, सीक्रेट्स (पासवर्ड, किल्ल्या) सगळं गिटहबवर. डेस्कटॉप जळाला तर नवीन मशीनवर रनर टाकायला अर्धा तास पुरतो. बॅकअपचा प्रश्न जवळजवळ संपतो.

वाटणी अशी ठेवा: अँड्रॉइडचं जड बिल्ड आणि टेस्ट डेस्कटॉपवर, डिप्लॉय आणि लहान जॉब गिटहबच्या मशीनवर. मग २००० मोफत मिनिटं पुरून उरतात.

आता काय काय बिघडेल ते क्रमाने.

रॅम. ८ जीबीवर ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) आणि कॉटलिनचे दोन वेगळे डेमन (मागे चालू राहणारे प्रोग्रॅम) आणि वर पोस्टग्रेसचा टेस्ट कंटेनर (डॉकरने वेगळ्या कप्प्यात चालवलेला डेटाबेस), एवढं बसत नाही. कर्नल मेमरीसाठी कोणाला तरी मारतो आणि लॉगमध्ये 'ग्रेडल बिल्ड डेमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली' एवढंच दिसतं. कंटेनर मेला तर एक्झिट कोड १३७. लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. ग्रेडलची कमाल मेमरी २ जीबी, वर्कर २, आणि रनरवर एका वेळी एकच जॉब. शक्य असेल तर रॅम १६ करा. या पिढीला डीडीआर-३ लागते, ती जुन्या बाजारात मिळते.

डिस्क. हार्ड डिस्क काढाच. नोड मॉड्यूल्स म्हणजे हजारो चिमुकल्या फायली, हार्ड डिस्कची सुई त्यातच फिरत राहते. २४० जीबीची साधी एसएसडी पुरते. या अख्ख्या व्यवहारात सगळ्यात जास्त परतावा देणारा पैसा तोच.

डिस्क भरणं. गिटहबचं मशीन दरवेळी कोरं मिळतं, तुमचं तसं नाही. जुने कंटेनर, बिनवारशी इमेजेस (ज्यांवरून कंटेनर बनतात), बिल्ड कॅशे सगळं साठत जातं. दर रविवारी डॉकर सिस्टिम प्रून, १६८ तासांहून जुनं तेवढंच काढ असा फिल्टर लावून. सगळंच उडवलं तर सोमवारी सकाळी सगळ्या इमेजेस परत उतरवाव्या लागतात. 'जागा शिल्लक नाही' अशी चूक येते पण डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) ४० टक्के मोकळी दाखवतं, असं झालं तर डीएफला आय हा पर्याय देऊन आयनोड बघा. जागा असते, फायलींची नोंदवही संपलेली असते. कारण तेच, नोड मॉड्यूल्स.

डॉकर हब, म्हणजे इमेजेसचं सार्वजनिक कोठार. लॉगिन न करता एका आयपीवरून सहा तासांत १०० पुलची (इमेज उतरवण्याची) मर्यादा. सीजीनॅटमुळे तुमचा आयपी अनोळखी शेकडो लोकांशी वाटलेला आहे, त्यामुळे तुम्ही चारच पुल केले तरी 'टू मेनी रिक्वेस्ट्स' येऊ शकतं. उपाय: मोफत खातं काढून पाइपलाइनच्या सुरुवातीला लॉगिन. दुसरा चांगला उपाय म्हणजे त्याच मशीनवर डॉकर रजिस्ट्रीचा कंटेनर पुल-थ्रू कॅशे (एकदा उतरवलेली इमेज जवळ ठेवणारा साठा) म्हणून चालवा आणि डेमनच्या कॉन्फिगमध्ये रजिस्ट्री मिरर म्हणून त्याचा पत्ता द्या. बेस इमेजही हलकी घ्या. नोडची पूर्ण इमेज उतरवताना चारशे एमबीच्या आसपास असते. ४० एमबीपीएसच्या लाइनवर दीड मिनिट नुसतं वाट बघण्यात जातं. स्लिम घेतली की पंधरा-वीस सेकंद.

एक पथ्य: हा रनर फक्त खासगी रेपोला लावा. सार्वजनिक रेपोला लावला तर कोणीही फोर्क (स्वतःची प्रत) करून पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) पाठवेल आणि त्याचा कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये चालेल. रनरला वेगळा, सूडो (प्रशासकाचे अधिकार) नसलेला युजर द्या. तो युजर डॉकर ग्रुपमध्ये असेल तर ते रूट असल्यासारखंच आहे, हेही ध्यानात असू द्या.

आधी मोजा, मग मशीनवर पैसे घाला.

---

गुहागर_कमिट

कुडाळ_टर्मिनलची रचना या टीमसाठी बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यात जोडतो. 'स्वतःचा रनर म्हणजे कायम फुकट' असं मालकांना सांगू नका. डिसेंबर २०२५ मध्ये गिटहबने स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या जॉबनाही मिनिटाला ०.००२ डॉलर लावायचं जाहीर केलं होतं, खूप विरोध झाल्यावर ते पुढे ढकललं. पुढे ढकललं, रद्द केलं असं नव्हे. तुमचा अंदाज काढा: सगळी ४९५० मिनिटं तशी मोजली तरी दहा डॉलरच्या आत. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण कागदावर असू द्या.

त्यापासूनही सुटायचं असेल तर खरी ओपन सोर्स वाट फोर्जेओ (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं गिटहबसारखं सॉफ्टवेअर) आणि वुडपेकर (त्याच्या जोडीला बिल्ड चालवणारं). वुडपेकरचा सर्व्हर रिकामा असताना १०० एमबीच्या आसपास आणि एजंट ३० एमबी रॅम घेतो, एस्क्यूलाइटवर चालतो. त्याच्या शेजारी गिटलॅब फार जड: कमी मेमरीचं खास कॉन्फिग करूनही २ जीबी रॅम आणि वर स्वॅप हवाच. पाच जणांसाठी गिटलॅब स्वतः चालवणं मला परवडणारं वाटत नाही. आणि चालवलंच तर लक्षात ठेवा, त्याच्या बॅकअप कमांडमध्ये गिटलॅब-सीक्रेट्सची फाइल येत नाही. ती वेगळी उचलली नसेल तर रिस्टोअर होतं पण आतली सीआय व्हेरिएबल उघडत नाहीत. जेनकिन्सचंही तसंच, सीक्रेट्स फोल्डरमधली मास्टर की गेली की साठवलेले सगळे पासवर्ड गेले.

तरीही फोर्जेओवर जायचं म्हणजे कोडची जबाबदारी स्वतःवर घेणं. त्याला पुन्हा क्लाउडवरचं मशीन, बॅकअप, अपग्रेड, म्हणजे तासच. टीममध्ये हे आवडीने करणारा एक जण असेल आणि तो सुट्टीवर गेला तर दुसराही करू शकेल, तरच. एकाच माणसाच्या डोक्यात असलेला सर्व्हर हा सगळ्यात महाग सर्व्हर.

क्युबरनेटिस (अनेक मशीनच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी यंत्रणा) आणि आर्गो सीडी (तिच्यावर डिप्लॉय करणारं साधन) यांच्या नादी आत्ता लागू नका. आर्गो सीडी चांगलं आहे, अपाचे २.० लायसन्स आहे, पण त्याच्याखाली क्लस्टर लागतो. अमेझॉनच्या ईकेएसला (त्यांच्या क्युबरनेटिस सेवेला) नुसत्या कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर चालवणाऱ्या भागाचे) तासाला ०.१० डॉलर, महिन्याला ७३ डॉलर, त्यावर एकही अ‍ॅप चालण्याआधी. तुमच्या दोन बॅकएंडना डॉकर कंपोज भरपूर झालं.

क्लाउडवर बिल्ड मशीन घ्यायचा विचार असेल तर तिथल्याही बारीक ओळी वाचा. अमेझॉनवर सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. आणि टी-३ प्रकारची मशीन डिफॉल्टने 'अनलिमिटेड' असतात: टी-३ मीडियमची प्रत्येक कोअरची बेसलाइन (ठरलेल्या दरात मिळणारी ताकद) २० टक्के आहे, बिल्ड मात्र १०० टक्क्यांवर पळतं. क्रेडिट संपले की मशीन हळू होत नाही, जादा बिल येतं.

लायसन्सबद्दल थोडक्यात. जेनकिन्स एमआयटी, गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी, वुडपेकर अपाचे २.०. इथे धोका कमी. पण आज मोकळं आहे ते उद्याही तसंच मिळेल असं नसतं. टेराफॉर्म (सर्व्हर उभारायचं साधन) ऑगस्ट २०२३ मध्ये एमपीएल या मोकळ्या लायसन्सवरून बीएसएल या बंधनं घालणाऱ्या लायसन्सवर गेलं आणि त्यातून ओपनटोफू ही मोकळी आवृत्ती निघाली. २०२५ मध्ये बिटनामीच्या बऱ्याच मोफत इमेजेस 'लेगसी' नावाखाली हलवल्या गेल्या. कोड मोकळाच होता, पण तयार इमेज ओढणाऱ्या पाइपलाइन्स बदलाव्या लागल्या. म्हणून डिप्लॉयला लागणाऱ्या इमेजेसची एक प्रत स्वतःकडे असू द्या.

आणि मार्च २०२५ मधली टीजे-अ‍ॅक्शन्सची घटना. वर्कफ्लोत घालायची, बदललेल्या फायली शोधणारी ती तयार अ‍ॅक्शन हजारो रेपो वापरत होते. कोणीतरी तिच्यात घुसून जुने टॅगच (आवृत्त्यांची नावं) नव्या कमिटकडे (कोडमधल्या नव्या बदलाकडे) वळवले आणि सीक्रेट्स लॉगमध्ये छापली गेली. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश हलवता येत नाही. बाहेरची प्रत्येक अ‍ॅक्शन पूर्ण ४० अक्षरी हॅशने बांधा. पाच मिनिटांचं काम आहे, कृपया करा.

---

मिऱ्या_बंदर

मालकांसाठी कागद असा करतो आहे, चूक असेल तर सांगा.

सुरुवातीचा खर्च: एसएसडी, ८ जीबी रॅम आणि मांडणीचे १० तास (३४०० रुपये). दरमहा: वीज १८७, देखभाल २ तास म्हणजे ६८०, गिटहब शून्य, यूपीएस बॅटरीचा वाटा वेगळा. हजार रुपयांच्या आत. याऐवजी सगळी मिनिटं विकत घेतली तर दोन हजारांच्या आसपास. डेस्कटॉपवर जेनकिन्स ठेवलं तर २२०० च्या वर.

राहिला प्रश्न वीज नसलेल्या दिवसाचा. रनर बंद असेल तर जॉबचं काय होतं?

---

वाशिष्ठीकाठ

कागद बरोबर आहे. फक्त एक ओळ घाला: अपग्रेड पावसाळ्यात. मार्च ते मे रनरचं मशीन, नोडची आवृत्ती, बेस इमेज कशालाही हात लावायचा नाही, अपवाद फक्त सुरक्षा-दुरुस्तीचा. होमस्टेची गर्दी आणि आंबा दोन्ही ओसरल्यावर जुलैत ते काम काढा. डेस्कटॉप बंद पडला तरी त्या दिवसांत कोणाचं अडत नाही.

---

कुडाळ_टर्मिनल

रनर बंद असला की जॉब रांगेत थांबतो, २४ तासांत रनर आला नाही तर फेल होतो. हंगामात तेवढं थांबणं चालणार नाही, म्हणून वर्कफ्लोमध्ये रन्स-ऑन (कोणत्या मशीनवर चालवायचं ते सांगणारी ओळ) याच्या पुढे मशीनचं लेबल थेट लिहू नका. रेपोच्या सेटिंगमध्ये एक व्हेरिएबल काढा, नाव काहीही ठेवा, आणि रन्स-ऑनमध्ये ते व्हेरिएबल वाचा. एरवी त्याची किंमत तुमच्या डेस्कटॉपचं लेबल. वीज गेली की फोनवरून ती किंमत बदलून उबुंटू-लेटेस्ट (गिटहबचं मशीन) करा, अडकलेलं बिल्ड रद्द करून नव्याने चालवा. तेवढ्या दिवसापुरती मोफत मिनिटं खर्च होतात, त्यासाठीच ती राखून ठेवलेली आहेत.

हे चालायला दोन गोष्टी आधी जमवाव्या लागतील. जेडीके (जावाची साधनं) आणि नोडची आवृत्ती डेस्कटॉपवर हाताने टाकलेली नको. सेटअप-जावा आणि सेटअप-नोड या पायऱ्यांनी वर्कफ्लोतच ठरवा, म्हणजे दोन्ही मशीनवर तेच मिळेल. आणि अँड्रॉइडची साइनिंग की (अ‍ॅपवर डिजिटल सही करायची किल्ली) डेस्कटॉपच्या डिस्कवर फाइल म्हणून असेल तर गिटहबच्या मशीनला ती सापडणार नाही. बेस-६४ करून (मजकुराच्या रूपात आणून) सीक्रेटमध्ये ठेवा, बिल्डच्या आधी फाइल परत तयार करा, बिल्डनंतर पुसा. मूळ कीस्टोअरची (त्या कीच्या फाइलची) एक प्रत पेनड्राइव्हवर मालकांच्या कपाटात असू द्या.

महिन्यातून एकदा, वीज असतानाच, व्हेरिएबल बदलून एक बिल्ड गिटहबच्या मशीनवर चालवून बघा.

---

मिऱ्या_बंदर

व्हेरिएबल केलं. पहिलंच बिल्ड उबुंटू-लेटेस्टवर फेल झालं: कीस्टोअर सापडली नाही. सीक्रेटमध्ये टाकल्यावर पास, १३ मिनिटं २० सेकंद. म्हणजे मीटरवर १४.